सायकलपटूचं आत्मचरित्र मुलाला द्यावं का?

प्रश्न नागपुरातल्या मनीषनगरच्या एका वडिलांचा आहे. मुलगा अकरावीत, दोन वर्षांपासून रोड सायकल चालवतो, रविवारी पोरांबरोबर काटोल रोडनं लांब जाऊन येतो. वाढदिवसाला एखाद्या मोठ्या सायकलपटूचं आत्मचरित्र द्यावं म्हणून त्यांनी विषय काढला, तर मुलगा म्हणाला, "बाबा, ते सगळेच इंजेक्शन घेतात. खोटं वाचून काय करू?" वडिलांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा पुस्तकांतून आता काही प्रेरणा मिळते का, आणि द्यायचंच तर कोणतं द्यावं?

मी आधी रेसिंग केलं, आता बरीच वर्षं पोरांना शिकवतो. ही पुस्तकं आमच्याकडे या हातातून त्या हातात फिरत असतात, त्यामुळे कोणत्या पुस्तकानं कोणाचं काय होतं हे थोडंफार पाहिलेलं आहे. माझं उत्तर, द्या. फक्त पहिलं पुस्तक विजेत्याच्या थाटात लिहिलेलं देऊ नका. सुई आपल्या हातात कशी आली हे ज्यानं उघड सांगितलंय, त्याचं द्या. तुमचा मुलगा टूर द फ्रान्स या सायकलिंगच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीपर्यंत पोचेल की नाही कोणास ठाऊक, पण "हे घे, काही होत नाही" म्हणणारा माणूस त्याला नक्की भेटणार आहे. बहुतेक बारावीच्या आधीच.

मुलाचा राग आर्मस्ट्राँगवर असणार, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला ऑक्टोबर १९९६ मध्ये वृषणाचा कॅन्सर निघाला, तोही फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरलेला. १९९९ मध्ये त्यानं टूर जिंकली, २००० मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, आणि २००५ पर्यंत टूर सलग सात वेळा त्याच्या नावावर लागली. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं हजारावर पानांचा पुरावा मांडला. साक्ष देणारे २६ जण, त्यातले ११ त्याच्याच संघातले. सातही जेतेपदं गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली.

कॅलिफोर्नियातल्या काही वाचकांनी मग त्याच्यावर आणि प्रकाशकांवर खटलाच भरला. खरी गोष्ट म्हणून विकत घेतलेलं पुस्तक खोटं निघालं, पैसे परत द्या, अशी मागणी. न्यायाधीशांनी ती फेटाळली. पुस्तकातलं लिखाण खोटं असलं तरी त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असा निकाल आला. म्हणजे आत्मचरित्र खरं आहे की नाही हे ठरवून द्यायला कोर्ट येणार नाही, ते काम वाचणाऱ्यालाच करावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलाला ते जमतं. आपण समजतो त्यापेक्षा बरंच चांगलं जमतं.

त्या पुस्तकातला कॅन्सरचा भाग खोटा नाही. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. नेहमीच्या औषधांपैकी एकानं फुप्फुसांना इजा होऊ शकते, म्हणून ते बदलून दुसरं दिलं गेलं, हेही खरं. अनेक पेशंटांनी ते पुस्तक उशाशी ठेवून केमोचे दिवस काढले, त्यांचा धीर खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच पुस्तकातली इंडियानापोलिसच्या हॉस्पिटलमधली खोली घ्या. त्याचा तेव्हाचा सहकारी फ्रँकी अँड्र्यू आणि त्याची होणारी बायको बेट्सी त्या खोलीत हजर होते. डॉक्टरांनी विचारल्यावर लान्सनं ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन अशी नावं स्वतःच घेतली, असं दोघांनी पुढे शपथेवर सांगितलं. पुस्तकात खोली आहे, हे बोलणं नाही. खोटी आत्मचरित्रं अशीच लिहिली जातात. घडलेलं बहुतेक सगळं येतं, नेमकं एक वाक्य गळतं.

फ्लॉइड लँडिसचं प्रकरण याहून उघडं आहे. २००६ ची टूर जिंकली, टेस्टोस्टेरॉनमध्ये सापडला, २००७ मध्ये आपण निर्दोष आहोत हे सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि कायदेशीर लढाईसाठी चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. २०१० मध्ये सगळं कबूल केलं. पुढे सुमारे ४ लाख ७८ हजार डॉलर देणगीदारांना परत करायची पाळी आली. हे पुस्तक मी कोणाला देत नाही. त्यातून शिकण्यासारखं एवढंच, की निरपराध माणूस जितक्या कळकळीनं बोलतो तितक्याच कळकळीनं दुसराही बोलू शकतो.

ब्रॅडली विगिन्सचं मात्र इतकं सरळ नाही, आणि तुमच्या मुलाशी वाद घालायला ते जास्त उपयोगी पडेल. हा २०१२ च्या टूरचा विजेता. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात त्यानं लिहिलं की लसी आणि कधीमधी लावलेलं सलाइन सोडलं तर आपण इंजेक्शन घेतलेलं नाही. २०१६ मध्ये हॅकर्सनी कागद बाहेर काढले, तेव्हा कळलं की २०११ आणि २०१२ च्या टूरआधी, आणि २०१३ च्या जिरो या इटलीतल्या मोठ्या शर्यतीआधी त्याला ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं होतं. परागकणांच्या ॲलर्जीसाठी, दम्यासाठी, रीतसर परवानगी काढून. नियम मोडला नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं मात्र म्हटलं की त्याच्या संघानं नैतिकतेची रेषा ओलांडली. विगिन्सनं आणि संघानं ते नाकारलं. आता सांगा, हा माणूस खोटारडा की नियमात राहून खेळलेला? माझं मत त्याच्या पुस्तकाबद्दल वाईट झालं, शर्यतीबद्दल अजून ठरत नाही.

आता द्यायच्या पुस्तकांकडे येतो.

पहिला डेव्हिड मिलर. स्कॉटिश, विशीत व्यावसायिक झाला तेव्हा औषधांच्या ठाम विरोधात होता. २००३ मध्ये टाइम ट्रायलचा, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतीचा, विश्वविजेता झाला, तो ईपीओ घेऊन. जून २००४ मध्ये फ्रेंच पोलिसांनी बियारिट्झमध्ये त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा पुस्तकांच्या फळीवर दोन रिकाम्या सिरिंज सापडल्या. त्यानं त्या स्वतःच ठेवल्या होत्या, आपण काय केलं याची आठवण राहावी म्हणून. विश्वविजेतेपद गेलं, दोन वर्षांची बंदी आली, परत आल्यावर तो उघडपणे उत्तेजकांविरुद्ध बोलू लागला. पुस्तक २०११ चं.

मी ते पोरांना का देतो? त्यात सुईचा सगळा प्रवास आहे. पहिली सुई ईपीओची नसते. स्टेज संपली, अंगात त्राण नाही, उद्या पुन्हा दोनशे किलोमीटर. संघातलं कोणीतरी सांगतं, व्हिटॅमिन घे, लोह घे, सगळं कायदेशीर आहे. मिलर सुरुवातीला तेही नको म्हणायचा. मग एकदा हो म्हणाला. एकदा सुई टोचून घेणं हे दात घासण्याइतकं रोजचं झालं की नळीत काय आहे एवढाच फरक उरतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं २०११ मध्ये थकवा घालवण्यासाठी इंजेक्शन घेण्यावरच बंदी आणली, ती याच कारणानं. औषध कायदेशीर असलं तरी सुई नको.

दुसरा टायलर हॅमिल्टन. आर्मस्ट्राँगचा संघसाथी, १९९९ च्या टूरमध्ये त्याच्यासाठी राबलेला. त्याचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. ईपीओला ते आपसांत 'एडगर' म्हणायचे, एडगर ॲलन पो या लेखकावरून. थोडीशी मात्रा रात्री शिरेत घेतली तर सकाळी तपासणीत दिसत नाही, आणि मधल्या तासांत तपासनीसानं बेल वाजवली तर दार उघडायचं नाही. १९९९ च्या टूरमध्ये एक मोटारसायकलवाला शर्यतीच्या मागे मागे ईपीओ घेऊन फिरत होता. वाचताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

पण त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हजार दिवसांचा हिशेब. हॅमिल्टन म्हणतो, व्यावसायिक झाल्यापासून पहिल्यांदा औषध घेईपर्यंत साधारण हजार दिवस गेले, आणि त्याच्या काळातल्या इतरांच्या कहाण्यांतही हेच दिसतं. पहिलं वर्ष नवलाईचं. दुसऱ्या वर्षी कळतं की इथे काय चाललंय. तिसऱ्या वर्षी निवड करावी लागते. म्हणजे बिघडायला गेलेला कोणी नव्हता. जे टिकले, कष्ट केले, ज्यांच्याकडून संघाला आशा वाटली, त्यांच्यासमोरच ती पुडी आली. सगळ्यात मेहनती पोरगा सगळ्यात धोक्यात असतो, हे पालकांना पटायला वेळ लागतो.

याच हॅमिल्टननं २००३ च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्याच्या शेवटी गळपट्टीचं हाड मोडून घेतलं, तरी पुढची सगळी शर्यत पूर्ण केली, एक स्टेज जिंकली आणि चौथा आला. त्याच्या आदल्या वर्षी इटलीत खांदा मोडलेला असताना वेदनेनं दात इतके खाल्ले की नंतर ११ दातांवर उपचार करावे लागले. हे सगळं ईपीओच्या काळातलं. तेव्हा 'औषध घेतलं म्हणजे फुकट जिंकले' असं मुलगा म्हणत असेल तर त्यालाही हे वाचू द्या. औषधानं वेदना कमी झाली नाही. सोबतीनं स्वच्छ चालवणाऱ्याची तेवढीच वेदना मात्र वाया गेली, आणि राग यायला हवा तो त्याचा.

त्या स्वच्छ माणसांची पुस्तकंही आहेत, पण ती फार कोणी वाचत नाही, कारण त्यांच्या मुखपृष्ठावर टूर जिंकणाऱ्याची पिवळी जर्सी नसते. आयर्लंडचा पॉल किमेज १९८६ च्या टूरमध्ये १३१ वा आला. १९९० मध्ये त्यानं पुस्तक लिहून पेलोटनमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या सायकलपटूंच्या घोळक्यात, काय चालतं ते सांगितलं, स्वतः काही वेळा ॲम्फेटामिन हे उत्तेजक घेतल्याचंही सांगितलं, आणि सायकलिंगच्या जगानं त्याच्याशी बोलणं सोडलं. क्रिस्तोफ बासोंचं तर त्याहून वाईट. हा फ्रेंच रायडर औषध घेत नाही हे सगळ्या पेलोटनला माहीत होतं. १९९९ च्या टूरमध्ये त्यानं वर्तमानपत्रात मोकळेपणानं लिहिलं, तेव्हा आर्मस्ट्राँगनं चालत्या शर्यतीत त्याला गाठून घरी जायला सांगितलं. बाकीच्यांनी तोंड फिरवलं. तो खरंच शर्यत सोडून गेला. प्रेरणा म्हणून पोस्टर लावायचंच असेल तर माझ्या मते याचं लावावं, पण पोस्टर छापतंय कोण?

लोराँ फिन्यॉंचं पुस्तक मला स्वतःला फार आवडतं, म्हणून एक परिच्छेद त्याला. दोन टूर जिंकला, आणि जगाला लक्षात राहिला तो १९८९ ची टूर ८ सेकंदांनी हरलेला म्हणून. तीन हजारांवर किलोमीटर आणि ८ सेकंद. पुस्तकाच्या सुरुवातीलाच कोणीतरी त्याला ओळखतो, "तुम्हीच ना ते आठ सेकंदांनी हरलेले?" तो म्हणतो, नाही, मी दोनदा जिंकलेला. आपण काय काय घेतलं हेही तो लपवत नाही. पण ते मोठ्यांचं पुस्तक आहे, हरून झाल्यावर वाचायचं.

आता मुलाच्या 'सगळेच' या शब्दाकडे. इथे त्याला थोडं थांबवायला हवं.

नव्वदीच्या दशकात ईपीओ तपासायची पद्धतच नव्हती. हे मुळात किडनीच्या पेशंटांच्या रक्तक्षयावरचं औषध, आजही आपल्याकडे डायलिसिसवर असलेल्यांना देतात. त्यानं तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. १९९७ पासून नियम एवढाच होता की रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं तर शर्यतीबाहेर. याचा अर्थ घेणाऱ्यांनी ४९ पर्यंत यायला मोकळीक घेतली. १९९९ मध्ये पंतानी या इटालियन सायकलपटूला जिरो हातात आलेली असताना त्याच नियमानं बाहेर काढलं, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो रिमिनीच्या हॉटेलात मेला. ईपीओची चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून सुरू झाली. २००८ पासून प्रत्येकाच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली जाते, तिला बायोलॉजिकल पासपोर्ट म्हणतात. आता पकडायला औषधच सापडावं लागत नाही, रक्ताचा आलेख विचित्र दिसला तरी पुरतं.

तरी संशय गेलेला नाही, आणि जाणारही नाही. २०२४ च्या टूरमध्ये आजचा अव्वल सायकलपटू पोगाचारनं प्लातो द बेई या डोंगराचा चढ पंतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून जास्त फरकानं लवकर चढला, तेव्हा सगळ्या जगानं भुवया उंचावल्या. सायकली हलक्या आणि वाऱ्याला कमी अडणाऱ्या झाल्या, पोरं आता तासाला १०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात घालतात, सरावात पायांनी किती ताकद लावली याचा वॅटमध्ये हिशेब असतो. हे सगळं खरं. ते पुरेसं आहे का, यावर माणसं भांडत राहतील. पण पोगाचारविरुद्ध पुरावा नाही. आर्मस्ट्राँगच्या वेळी पहिल्या वर्षापासून माणसं होती, कागद होते. त्याची मसाज करणारी एमा ओरायलीच सांगत होती की १९९९ मध्ये चाचणीत सापडलेलं स्टेरॉइड क्रीममधून आलं हे दाखवायला त्या क्रीमची डॉक्टरांची चिठ्ठी मागच्या तारखेची केली. ती खोटारडी ठरली, कारण कोणाला ऐकायचं नव्हतं. नुसता वेग पाहून घेतलेला संशय आणि साक्षीदार असलेला संशय यांना एका मापानं मोजू नये. 'सगळेच घेतात' म्हटलं की बासों आणि आर्मस्ट्राँग एकाच ओळीत उभे राहतात, आणि आर्मस्ट्राँगला तेच हवं होतं.

आणखी एक. हे वाक्य युरोपातून आलेलं नाही, ते आपल्या मैदानावर रोज ऐकू येतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना १६०० मीटर मारायचे असतात, आणि "सगळेच घेते ना सर, मंग आपण काऊन नाही?" हे मी स्वतः ऐकलेलं आहे. २०२२ मध्ये भारतात ३,८६५ नमुने तपासले, त्यात १२५ दोषी निघाले. मोठ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वरचं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासनीस आल्याचं कळताच खेळाडू पळाले आणि १०० मीटरच्या फायनलला एकच जण धावला. त्या मुलांपुढे कुठली युरोपियन टोळी नव्हती, एखादा सर किंवा जिमवाला दादा असेल.

तुमच्या घरापुरतं म्हणाल तर धोका ईपीओचा कमी, डब्याचा आणि साध्या इंजेक्शनचा जास्त. पावडरच्या डब्यावर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल याची खात्री नसते, आणि नमुन्यात काही सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' हे चालत नाही, पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ताप-सर्दीला आपल्याकडे सहज डेक्साचं इंजेक्शन ठोकतात. ते एक स्टेरॉइड (ग्लुकोकॉर्टिकॉइड) आहे, स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी. दमा असलेल्या पोराला अस्थालिनचा पंप चालतो, पण मात्रेची मर्यादा आहे. टूर जिंकलेल्या क्रिस फ्रूमला २०१७ मध्ये त्याच औषधावरून महिनोन्‌महिने चौकशीला तोंड द्यावं लागलं, २०१८ मध्ये तो निर्दोष ठरला. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मुलगा स्पर्धेत खेळतो' हे आधी सांगा. औषधाचं नाव तपासायला नाडाचं (देशाची उत्तेजकविरोधी संस्था) 'नो युअर मेडिसिन' (Know Your Medicine) हे ॲप आहे, ते मुलाच्याच फोनवर टाका.

प्रेरणाच हवी असेल तर पुस्तकापर्यंतही जायला नको. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, १२ दिवसांच्या आत. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक. त्यांना वर्षानुवर्षं आपल्याच रस्त्यांवर सराव करताना पाहिलेली माणसं या शहरात आहेत. मे महिन्यात पहाटे साडेचारला वर्धा रोडला निघून ऊन चढायच्या आत परत येणारा माणूस डोळ्यांसमोर असला की मुलाला कळतं, कामगिरीच्या मागे किती कंटाळवाणी वर्षं असतात. पुस्तकं ती वर्षं दोन पानांत उरकतात.

तर वाढदिवसाला मिलरचं द्या. इंग्रजी आहे, सुरुवातीला जड जाईल, रेटू द्या. वाचून झालं की 'आवडलं का' असं विचारू नका. पहिली सुई कोणी दिली आणि त्यात काय होतं, एवढं विचारा. बारावी झाली की हॅमिल्टनचं. आणि आर्मस्ट्राँगचं जुनं पुस्तक घरात कुठे पडलं असेल तर रद्दीत घालू नका, तेव्हाच काढून द्या. १९९९ ची टूर दोघांच्याही पुस्तकात आहे. दोन्ही प्रकरणं समोरासमोर उघडून एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय गळलंय ते पेन्सिलीनं खुणा करत शोधायला सांगा, आठवडाभर तो त्यातच गुंतून राहील.